जोडणीतली कल्पना: हुपरीची चांदी आणि हॉट रॉडच्या लहान प्रतिकृती

कोल्हापूरच्या आग्नेयेस, पंचगंगा आणि दूधगंगा यांच्या मधल्या उसाच्या पट्ट्यात, हातकणंगले तालुक्यात वसलेले हुपरी हे गाव चांदीच्या पैंजणांसाठी प्रसिद्ध असून ‘रौप्यनगरी’ किंवा ‘चंदेरी नगरी’ हे बिरुद त्याला याच धंद्यामुळे मिळाले आहे. सेलम, राजकोट, आग्रा ही देशातली चांदीची दुसरी केंद्रे मोठी शहरे आहेत. हुपरीने मात्र नगरपरिषद मिळेपर्यंत, म्हणजे अगदी अलीकडेपर्यंत, ग्रामपंचायतीच्या कारभारात राहून त्यांच्या पंक्तीत स्थान मिळवले, आणि हे ज्या कार्यपद्धतीमुळे शक्य झाले तिचा विचार दागिन्यांच्या इतिहासाबाहेरही उपयोगी ठरतो. अमेरिकेत विसाव्या शतकात उदयाला आलेल्या ‘हॉट रॉड’ मोटारी, म्हणजे जुन्या स्वस्त गाड्या कापून, ठोकून, त्यांत जोरकस इंजिन बसवून तयार केलेल्या वेगवान गाड्या, आणि त्यांच्यावरून छंदिष्टांनी रचलेल्या कल्पक लहान प्रतिकृती यांचा हुपरीशी व्यापारी संबंध काहीच नाही. तरीही तयार, एकसारख्या सुट्या भागांतून एकमेव वस्तू कशी उभी राहते, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी सारखाच आहे, आणि त्याचे उत्तर हुपरीच्या घराघरांत जितके स्पष्ट दिसते तितके डेट्रॉइटच्या कारखान्यांत दिसत नाही.

हुपरीतल्या कामाचा क्रम पाहिला म्हणजे हे लक्षात येते. सुमारे ३० किलो वजनाची शुद्ध चांदीची वीट प्रथम फोडून मुशीत वितळवली जाते आणि तिच्यात ठरलेल्या प्रमाणात तांब्यासारखा हलका धातू मिसळला जातो. धातूत शुद्ध चांदी किती, हे दाखवणाऱ्या प्रमाणाला धंद्यात टंच म्हणतात, आणि सारा व्यवहार या टंचावर व वजनावर चालतो. ओतलेली कांब रुळांतून दाबून तिची पट्टी किंवा पत्रा करतात, अथवा जंतर नावाच्या, क्रमाने लहान होत जाणाऱ्या छिद्रांच्या पोलादी पट्टीतून ओढून तिची तार काढतात. तारेपासून कड्या, पत्र्यापासून ठशाखाली दाबलेली फुले, पाने, कोयऱ्या आणि वाट्या, दोन वाट्या जोडून घुंगरू, अशी सुट्या भागांची एक मोठी फौज तयार होते. त्यानंतर झाळकाम येते: कमी उष्णतेला वितळणारा झाळ आणि टाकणखार लावून, फुंकणीच्या किंवा गॅसच्या ज्योतीने हे भाग एकमेकांना सांधले जातात. शेवटी वस्तू आम्लात बुडवून उजळतात, घासतात, आणि हवा असल्यास तिच्यावर मीना चढवतात.

यातले प्रत्येक काम बहुधा वेगळ्या माणसाचे असते. कोणाच्या घरी फक्त आटणी होते, कोणाकडे फक्त तार ओढली जाते, कोणाचे घर घुंगरांचे, तर कड्या गुंफण्याचे काम अनेक घरांत बायका दुपारच्या वेळी करतात. माल एका दारातून दुसऱ्या दारात जाताना प्रत्येक उंबऱ्यावर त्याचे वजन होते आणि कामात उडणारी घट हिशेबात धरली जाते. रेंदाळ, यळगूड, पट्टणकोडोली ही शेजारची गावे आणि सीमेपलीकडचे मांगूर अशा ठिकाणी हे काम पसरले आहे. अशा विभागणीकडे अर्थशास्त्राचा अभ्यासक उत्पादनखर्चाच्या दृष्टीने पाहतो आणि ते योग्यही आहे, पण तिचा दुसरा परिणाम अधिक रंजक आहे. गावात कड्यांचे, घुंगरांचे, ठशांच्या फुलांचे शेकडो प्रकार सतत तयार मिळत असल्यामुळे नवी नक्षी काढणाऱ्याला काहीच शून्यापासून घडवावे लागत नाही. तो या घरची कडी, त्या घरचे घुंगरू आणि तिसऱ्या घरचे फूल एकत्र आणतो, त्यांचे अंतर बदलतो, एखादा भाग उलटा बसवतो, आणि बाजारात ‘नवी डिझाइन’ म्हणून जाणारे पैंजण तयार होते. कल्पकता येथे घडणीपेक्षा जोडणीत अधिक असते.

चांदीच का, याचेही उत्तर येथे द्यायला हवे. पायात सोने घालू नये या रूढीमुळे पैंजण, वाळे, तोरड्या, जोडवी, मासोळ्या हे सगळे दागिने चांदीचेच राहिले, आणि त्यांची मागणी शेतकरी व कामकरी घरांतून येत असल्याने ती मोठी व टिकाऊ होती. त्यात जानेवारी १९६३ मध्ये केंद्र सरकारने सुवर्ण नियंत्रणाचे नियम लागू करून नवे दागिने १४ कॅरटपेक्षा अधिक शुद्ध सोन्याचे करण्यास मनाई केली, तेव्हा देशभरातील असंख्य सोनारांचे काम थांबले. चांदी या बंधनाबाहेर होती. पुढे १९६८ मध्ये या नियमांचा कायदा झाला आणि तो १९९० पर्यंत टिकला. या काळात चांदीच्या कामाकडे हात वळले असणार आणि हुपरीसारख्या गावांना त्याचा लाभ झाला असणार, हे अनुमान गैरवाजवी नाही.

दागिन्यांकडून वाहनांकडे वळायचे तर, धातूचे छोटे वाहन घडवण्याची कल्पनाही महाराष्ट्राला परकी नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबाद येथे १९७४ मध्ये सापडलेल्या चार ब्राँझ वस्तूंमध्ये दोन बैल जुंपलेला, सुमारे ४५ सेंटीमीटर लांबीचा एक रथ असून त्यात सारथी उभा आहे. सोबतचे हत्ती, गेंडा आणि रेडा हे प्राणीही चाकांच्या बैठकीवर चढवलेले होते. चारही वस्तूंचे मिळून वजन ६० किलोहून अधिक भरते, तेव्हा ही मुलांची खेळणी खचित नव्हेत, आणि त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण गेंड्याला चाके लावणाऱ्या कारागिराने समोर दिसणाऱ्या वाहनाची नक्कल केलेली नाही, हे निर्विवाद आहे. प्रतिकृती आणि कल्पित रचना यांच्यातला हा फरक पुढे हॉट रॉडच्या लहान गाड्यांच्या इतिहासात पुन्हा महत्त्वाचा ठरतो.

हॉट रॉडचा उगम दक्षिण कॅलिफोर्नियातला. फोर्ड कंपनीने १९०८ ते १९२७ या काळात ‘मॉडेल टी’ ही गाडी दीड कोटींच्या घरात विकली होती. त्यामुळे १९३० च्या दशकात मोडक्या फोर्ड गाड्या आणि त्यांचे सुटे भाग भंगाराच्या भावात कुठेही मिळत. १९३२ मध्ये त्याच कंपनीने सामान्य माणसाला परवडणारे आठ सिलिंडरचे ‘व्ही-आठ’ इंजिन बाजारात आणले, आणि कामगारवर्गातल्या पोरांनी जुना हलका सांगाडा व नवे ताकदवान इंजिन यांची गाठ घालून दिली. म्युरॉक आणि एल मिराज यांसारख्या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर या गाड्या पळवल्या जात; शर्यतींना शिस्त लावण्यासाठी १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संघटना स्थापन झाली, आणि जानेवारी १९४८ मध्ये रॉबर्ट पीटरसन यांनी ‘हॉट रॉड’ नावाचे मासिक सुरू केल्यावर हा स्थानिक नाद देशभर गेला.

वेगासाठी सुरू झालेली ही कापाकापी लवकरच दिसण्यासाठी होऊ लागली. छताचे खांब मधून कापून छत खाली आणणे याला ‘चॉपिंग’, गाडीचा सांगाडा चौकटीवर आणखी खाली बसवणे याला ‘चॅनलिंग’, तर सांगाड्याच्या उंचीतून आडवा पट्टा काढून उरलेले दोन भाग पुन्हा जोडणे याला ‘सेक्शनिंग’ म्हणत. या क्रियांकडे नीट पाहिले तर त्यांत नवे घडवणे कमी आणि असलेले कापून सांधणे जास्त आहे. एका गाडीचे दिवे, दुसरीची जाळी, तिसरीचे मागचे पंख असे जुळवून सॅम आणि जॉर्ज बॅरिस या बंधूंनी किंवा त्यांच्या समकालीनांनी एकमेव ठरणाऱ्या गाड्या उभ्या केल्या. श्रीमंतांसाठी खास गाडी बांधून घेण्याची पद्धत युरोपात जुनी होती, आणि दसऱ्याच्या दिवशी कोल्हापुरात बाहेर निघणारी छत्रपती घराण्याची १९३६ ची मेबॅक ही तिची येथल्या माणसांना परिचित असलेली खूण आहे. हॉट रॉडचे वेगळेपण असे, की येथे पैसा नसलेल्यांनी कारखान्याचा सर्वांना सारखा मिळणारा माल घेऊन राजेशाही हट्ट पुरवला.

लहान प्रतिकृतींची परंपरा या सुमारास दुसऱ्याच वाटेने वाढत होती. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी या विभागाने १९३० मध्ये मुलांसाठी ‘क्राफ्ट्समन्स गिल्ड’ नावाची स्पर्धा सुरू केली, तेव्हा पहिली अट मोटार बनवण्याची नव्हती. नेपोलियनच्या काळातल्या राजशाही बग्गीची हुबेहूब लहान आवृत्ती लाकूड, धातू, कापड आणि रंग यांतून घडवायची होती, आणि बक्षीस म्हणून शिष्यवृत्त्या मिळत. पुढे स्वतःच्या कल्पनेतली मोटार, मूळ आकाराच्या बाराव्या हिश्श्याने, करण्याची मुभा मिळाली आणि बग्गी हळूहळू मागे पडली. स्पर्धा १९६८ पर्यंत चालली. तिच्यात १९४७ साली पहिले आलेले चक जॉर्डन हे नंतर जनरल मोटर्सच्या रचना विभागाचे प्रमुख झाले, यावरून कंपनीने छंदाच्या आडून कारागीर हेरण्याची चांगली सोय करून ठेवली होती, असे म्हणता येते. आपल्याकडे हीच निवड सोनाराच्या भट्टीजवळ बसणाऱ्या पोराची होते, आणि तिला शिष्यवृत्ती म्हणण्याची पद्धत नाही.

हॉट रॉड आणि लहान प्रतिकृती या दोन वाटा एकत्र आल्या त्या प्लॅस्टिकमुळे. डेट्रॉइट परिसरात १९४८ मध्ये स्थापन झालेली एएमटी ही कंपनी प्रथम मोटारविक्रेत्यांना जाहिरातीसाठी लहान गाड्या करून देत असे. तिने १९५८ मध्ये पंचविसाव्या हिश्श्याच्या मापात ‘तीन एकात’ या पद्धतीचे संच काढले. एका खोक्यात सांगाडा एकच, पण सोबतचे भाग असे की मूळ गाडी, शर्यतीची गाडी किंवा मनाप्रमाणे सजवलेली गाडी, यांपैकी काहीही जोडता यावे. या योजनेचा परिणाम कंपनीच्या अपेक्षेपेक्षा मोठा झाला, कारण तीन प्रकारांपैकी एक निवडल्यावर उरलेले भाग फेकले जात नसत. ते डबीत साठत, मित्रांत अदलाबदल होई, आणि चार-पाच खोक्यांचे उरलेले भाग एकत्र आले की कोणत्याही खोक्यावर न छापलेली सहावी गाडी बनवता येई. अनेक संचांचे भाग मिसळून नवे मॉडेल रचण्याला छंदिष्टांत ‘किटबॅशिंग’ म्हणतात, तर संचाचा आधार न घेता पत्रा, तार, पुठ्ठा, राळ यांतून सगळे स्वतः करण्याला ‘स्क्रॅचबिल्डिंग’ म्हणतात. पहिल्या प्रकाराला काही जण दुय्यम लेखतात, ते पटण्यासारखे नाही. हुपरीतल्या नक्षीकाराला कडी स्वतः ओढली नाही म्हणून कोणी कमी मानत नाही.

या काळातले सर्वांत चक्रम नाव एड रॉथ यांचे होते. त्यांनी काचतंतू आणि राळ यांपासून सांगाडे ओतून ‘आउटलॉ’ आणि ‘बीटनिक बॅंडिट’ यांसारख्या गाड्या केल्या. दुसऱ्या गाडीला पारदर्शक बुडबुड्यासारखे छत होते आणि सुकाणूचक्राच्या जागी विमानासारखा दांडा होता. रेव्हेल कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांच्या गाड्यांचे संच काढले. १९६८ मध्ये मॅटेल कंपनीने ‘हॉट व्हील्स’ या नावाने ओतीव धातूच्या १६ गाड्यांची पहिली मालिका आणली, तिच्यातही बीटनिक बॅंडिट होती.

येथपर्यंत मोठी गाडी आधी आणि लहान नंतर, असाच क्रम होता. टॉम डॅनियल यांनी तो उलटा केला. मोनोग्रॅम कंपनीसाठी त्यांनी रेखाटलेली ‘रेड बॅरन’ ही १९६८ च्या सुमारास संच म्हणून आलेली गाडी, जिचे छत म्हणजे पहिल्या महायुद्धातले जर्मन शिरस्त्राण होते, प्रत्यक्षात कुठेच अस्तित्वात नव्हती. संच गाजल्यावर मग चालणारी पूर्ण आकाराची गाडी प्रदर्शनासाठी बांधण्यात आली. म्हणजे बोटभर प्लॅस्टिकच्या तुकड्यांत आधी जुळवलेली कल्पना पोलादाला नंतर पाळावी लागली, आणि दायमाबादच्या चाकवाल्या गेंड्याला एक दूरचा भाऊबंद मिळाला.

भारतात या लहान गाड्या आल्या त्या बहुतांशी साच्यांच्या रूपाने. आयातीवरील कडक निर्बंधांच्या काळात परदेशी खेळणे दुर्मीळ होते, पण परदेशात निवृत्त झालेले पोलादी साचे येथे आणून चालवणे शक्य होते. ब्रिटनच्या डिंकी टॉइजच्या जुन्या साच्यांतून १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ‘निकी टॉइज’ या नावाने गाड्या निघाल्या. पुढे १९८० च्या दशकात मुंबईच्या ब्लो प्लास्ट समूहातल्या लिओ या छापाखाली मॅटेलच्या साच्यांतून भारतीय हॉट व्हील्स तयार होऊ लागल्या, आणि अमेरिकेत कधीच न दिसलेल्या रंगसंगतींमुळे त्या आज परदेशी संग्राहक शोधत फिरतात. एकाच ठशातून निघालेला माल रंग आणि जुळणी बदलली की निराळा होतो, हे पैंजणाच्या व्यापाऱ्याला नव्याने सांगावे लागणार नाही.

पूर्ण आकाराच्या हॉट रॉडला मात्र येथे कायद्याची वेस आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. त्यानंतरही नाद थांबला नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे येथील एका कारागिराने भंगारातले भाग आणि दुचाकीचे तंत्र वापरून, लाथ मारून सुरू होणारी जीपसारखी छोटी गाडी केली. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत गाजल्यावर महिंद्रा समूहाचे प्रमुख आनंद महिंद्रा यांनी ती नियमांत बसत नसल्याचे नमूद करूनही तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये तो व्यवहार पुरा झाला. रस्त्यावर चालवायची कल्पक गाडी कंपनीच्या संग्रहात जाते, तर टेबलावर ठेवायच्या कल्पक गाडीला परवाना लागत नाही; भारतात हा छंद लहान मापातच मोकळेपणाने वाढू शकतो, याचे हे एक साधे कारण आहे.

त्या लहान मापाला लागणारी हत्यारे हुपरीत आधीच आहेत, आणि हे म्हणणे अलंकारिक नाही. मॉडेल बनवणारा ज्या बारीक कानशी, चिमटे, हाताने फिरवायची सुईएवढी छिद्रणी आणि घासकागद वापरतो ती सोनाराच्या खोक्यातली हत्यारे आहेत. परातीएवढ्या चाकाच्या तारा पंचविसाव्या हिश्श्यात बसवायच्या तर केसाएवढी तार लागते आणि ती जंतरातूनच निघते. अधिक जवळचे साम्य ओतकामात आहे. दागिन्याचा एक नमुना करून त्यावर रबराचा साचा घेणे, त्या साच्यात मेण दाबून मेणाच्या प्रती काढणे आणि मेण वितळवून जाऊ देऊन त्या पोकळीत धातू ओतणे ही पद्धत दागिन्यांच्या धंद्यात आता सर्वत्र रूढ आहे. परदेशी छंदिष्टही आपला हाताने घडवलेला एखादा भाग, समजा इंजिनाचे झाकण, रबराच्या साच्यात राळ ओतून हव्या तितक्या वेळा काढतो. संगणकावर आकार रेखून त्रिमितीय छपाई यंत्राने राळेचा नमुना काढण्याची रीतही दोन्हीकडे पोहोचली आहे. पूर्वी ठसा खोदणाऱ्याचे काम पोलादावर हाताने चाले आणि चुकीला जागा नसे. आता चूक पडद्यावर दुरुस्त होते, आणि ठसा खोदणाऱ्या हाताची किंमत त्याच प्रमाणात उतरते.

जोडणीतून जन्मलेल्या वस्तूची मालकी कोणाची, हा प्रश्न मात्र दोन ठिकाणी वेगळ्या रीतीने सुटला. एड रॉथ यांना रेव्हेलकडून प्रत्येक संचामागे एक सेंट मिळे आणि त्यांचे नाव खोक्यावर ठळक छापलेले असे. टॉम डॅनियल यांचेही तसेच. भारतात संकल्पचित्र अधिनियम, २००० याखाली नव्या आकाराची नोंदणी करून १० वर्षे, आणि वाढवून आणखी ५ वर्षे, संरक्षण मिळवता येते; पण एका हंगामात चालून पुढच्या लग्नसराईला जुनी होणाऱ्या पैंजणाच्या नक्षीसाठी हा खटाटोप धंद्याला परवडत नाही. नक्षी गाजली की तिचे भाग पुरवणारी घरे तीच असल्याने आठवडाभरात ती दुसऱ्याच्या मालात उमटते. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या दागिन्यांवर, ऐच्छिक स्वरूपात का होईना, सहा अक्षरांकांचा हॉलमार्क क्रमांक घालण्याची सोय झाली आहे. तो क्रमांक तपासला की दागिन्याची शुद्धता, नोंदणीकृत सराफ आणि पारख करणारे केंद्र यांची माहिती मिळते, आणि भाग जुळवून ती नक्षी ज्याने प्रथम मांडली त्या कारागिरासाठी त्यात रकाना नाही.